शाळेतलं अर्थशास्त्र: बडोद्यातल्या शिक्षकांचे, पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

नववी ते बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांच्यासाठी. उदाहरणांतले भाव हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. वर्गात घेताना आजचे भाव घाला.

नववी-दहावीत अर्थशास्त्र हा वेगळा विषयच नाही. मग शिकवायचं कधी?

विषय वेगळा नसला तरी धडे आहेत. गुजरात बोर्डाच्या सामाजिक विज्ञानात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राबरोबर अर्थशास्त्राची प्रकरणं असतात. सीबीएसईच्या दहावीत विकास, अर्थव्यवस्थेची क्षेत्रं, पैसा आणि कर्ज, जागतिकीकरण, ग्राहक हक्क अशी पाच प्रकरणं होती आणि पुस्तकं बदलली तरी याच गोष्टी फिरून येतात. ती शिकवणारे शिक्षक बहुधा इतिहास किंवा भूगोलाचे असतात. त्यामुळे हे धडे व्याख्या लिहून देण्यात उरकतात.

जादा तासांसाठी भांडू नका, ते मिळत नाहीत. आहेत त्याच धड्यांतले सहा तास काढा: दोन संधीखर्चाला (एक गोष्ट निवडताना सोडलेल्या सर्वांत चांगल्या पर्यायाची किंमत), दोन बाजाराच्या खेळाला, दोन महागाई मोजायला. हे सगळं नवरात्रीच्या आत उरका. दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वर्गात सरावपरीक्षांखेरीज काही चालत नाही.

म्हणजे शेअर बाजार, एसआयपी, म्युच्युअल फंड हेच ना?

नाही. पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. पैशांची काळजी कशी घ्यावी हे मुलांना कळायलाच हवं, पण तो या विषयाचा एक कोपरा झाला. सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा महुवाच्या शेतकऱ्याचं काय झालं आणि खंडेराव मार्केटमध्ये पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं काय झालं? दोघांचं हित उलट दिशेला का गेलं? पुढच्या हंगामात शेतकरी कांदा कमी लावेल का? ज्या वर्गात यावर वाद होतो, तो अर्थशास्त्राचा वर्ग. ‘कोणता शेअर घेऊ’ या प्रश्नाचं उत्तर शाळेने देऊ नये. शिक्षकाने तर मुळीच देऊ नये.

सुरुवात कशापासून करावी?

संधीखर्चापासून. मागणी-पुरवठा नंतर आला तरी चालतो.

फळ्यावर हा हिशेब मांडा. एक जण महिना १८,००० रुपयांची नोकरी सोडून दांडिया बाजारात घराच्या ओट्यावर सेव-उसळ विकायला लागतो. महिन्याची विक्री ९०,०००. वाटाणे, तेल, सेव, पाव, गॅस आणि मदतनीस मिळून खर्च ६६,०००. हातात २४,००० उरतात. वर्गाला विचारा, धंदा फायद्यात आहे का? सगळे हात वर करतील.

आता पुढचे तीन आकडे लिहा. सोडलेला पगार १८,०००. ओटा भाड्याने दिला असता तर ४,०००. भांडी आणि गाडीत घातलेले स्वतःचे १,२०,००० रुपये ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला ८,४००, म्हणजे महिना ७००. बेरीज २२,७००. खरा फायदा १,३०० रुपये. उद्या पगारात दोन हजारांची वाढ मिळणार असेल तर हा धंदा तोट्यात आहे, आणि वहीत मात्र तो कधीच तोट्यात दिसणार नाही.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, मुलं सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करतात: नोकरी केली असती, रिक्षा चालवली असती, काकांच्या दुकानात बसलो असतो. माणूस एका वेळी एकच काम करणार, म्हणून सोडलेल्यांपैकी सर्वांत चांगला एकच पर्याय मोजायचा. मग ओटा आणि ठेव दोन्ही कसे मोजले? कारण त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, वेळ, जागा आणि पैसा, आणि प्रत्येकीचा एकेक पर्याय धरला आहे. हा प्रश्न मुलं स्वतः विचारेपर्यंत थांबा. दुसरी चूक, आधीच बुडालेला खर्च धरणं. मागच्या वर्षी बंद पडलेल्या यंत्रावर गेलेले पैसे आजच्या निर्णयात येत नाहीत, कारण निर्णय कोणताही घेतला तरी ते परत मिळत नाहीत.

बाजाराचा खेळ म्हणतात तो कसा घ्यायचा?

अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये असा प्रयोग करून १९४८ मध्ये त्यावर लिहिलं. व्हर्नन स्मिथ यांनी १९५० च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठाच्या वर्गात तो सुधारून घेतला. याच वाटेने पुढे गेलेल्या कामासाठी स्मिथ यांना २००२ चं नोबेल मिळालं. आपल्याला लागतात पुठ्ठ्याची २० कार्डं आणि एक फळा.

दहा पिवळी कार्डं खरेदीदारांची. प्रत्येकावर एक आकडा: ५०, ४६, ४२, ३८, ३४, ३०, २६, २२, १८, १४. ही त्याची जास्तीत जास्त द्यायची तयारी. दहा निळी कार्डं विक्रेत्यांची: १०, १४, १८, २२, २६, ३०, ३४, ३८, ४२, ४६. हा त्याचा खर्च. कार्ड कुणी कुणाला दाखवायचं नाही.

फेरी पाच मिनिटांची. मुलं वर्गात फिरून मोठ्याने भाव बोलतात. सौदा पटला की दोघं फळ्याशी येतात, भाव सांगतात, नोंदवणारा तो सर्वांना दिसेल असा लिहितो आणि ती दोघं बसतात. खरेदीदाराला कार्डावरच्या आकड्यातून दिलेला भाव वजा जाता गुण, विक्रेत्याला मिळालेल्या भावातून खर्च वजा जाता गुण. शिवाय प्रत्येक सौद्याला एक गुण वरचा, नाहीतर ज्यांचा फायदा शून्य येतो ते सौदाच करत नाहीत. तोट्याचा सौदा रद्द.

अशा चार फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत भाव कुठेही जातात, एक २० ला विकतो, दुसरा ४२ ला घेतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ते ३० च्या आसपास येऊन बसतात. कुणी ठरवलेलं नसतं, कुणाला दुसऱ्याचं कार्ड माहीत नसतं. मग आलेख. पिवळी कार्डं उतरत्या आणि निळी चढत्या क्रमाने फळ्यावर चिकटवा. दोन्ही जिने ३० वर भेटतात. पाच सौदे फायद्याचे, सहावा ३० ला ३० असा बरोबरीचा. एकूण फायदा ४०, ३२, २४, १६ आणि ८ मिळून १२०.

यात कर किंवा सरकारी भाव कसा दाखवायचा?

पाचव्या फेरीत प्रत्येक सौद्यामागे विक्रेत्याने वर्गाच्या ‘खजिन्यात’ १६ भरायचे. आता १० चा खर्च असलेल्याला निदान २६ हवेत, १४ वाल्याला ३०. सौदे चारवर येतात आणि भाव ३८ कडे सरकतो. विक्रेत्याच्या हातात उरतात २२. आधी ३० होते, म्हणजे १६ पैकी ८ खरेदीदाराने भरले, ८ विक्रेत्याने, जरी कर ‘विक्रेत्यावर’ होता. खजिन्यात ६४ आले. पण ३४ चा खरेदीदार आणि २६ चा विक्रेता यांचा ८ रुपये फायद्याचा सौदा झालाच नाही. ते ८ ना सरकारला मिळाले, ना कुणाच्या खिशात गेले. ‘कराचा निव्वळ तोटा’ ही संज्ञा इथे सांगा, त्याआधी नको.

सहाव्या फेरीत भाव २२ ला बांधून टाका. विकायला तयार चार, घ्यायला तयार आठ. चौघं रिकाम्या हाताने परततात. कोणते चौघं, ते नीट पाहा. कित्येकदा ५० चं कार्ड असलेलाच राहून जातो आणि विक्रेत्याचा मित्र असलेल्या २२ वाल्याला माल मिळतो. भाव बांधला की ओळख, रांग आणि वशिला भावाचं काम करू लागतात.

आमच्या वर्गात हा खेळ फसला. का?

नेहमीची कारणं अशी. शिक्षकाने आधीच ‘भाव ३० येणार’ असं सांगून टाकलं. आलेख आधी काढला. मुलांनी कार्डं दाखवली, मग ती सौदा करत नाहीत, अर्धे-अर्धे वाटून घेतात. १४ चा खरेदीदार आणि ४६ चा विक्रेता यांना कधीच सौदा मिळत नाही आणि ती मुलं रुसतात, म्हणून प्रत्येक फेरीआधी कार्डं पिसा, पिवळी पिवळ्यांत, निळी निळ्यांत. आणि त्या मुलांना सांगा की सौदा न करणं हेच त्यांचं बरोबर उत्तर होतं. हे वाक्य विसरू नका.

साठ मुलांचा वर्ग असेल तर एका कार्डामागे दोघं, एक बोलणारा आणि एक मुनीम. उरलेले वीस जण नोंदी, खजिना आणि चौकीला. तीन वेगळे बाजार भरवले तर आवाजाने शेजारचे सर येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मागणी वाढणं आणि मागणीचा विस्तार होणं, यात मुलं दरवर्षी गोंधळतात.

उत्तरायणाचं उदाहरण घ्या. गेंडीगेटला डिसेंबरात एक कोडी, म्हणजे वीस पतंग, १२० रुपयांना आहे. दुकानदाराने भाव ८० केला आणि लोकांनी जास्त घेतले, हा त्याच मागणी वक्रावरचा, म्हणजे कोणत्या भावाला किती मागणी ते दाखवणाऱ्या रेषेवरचा प्रवास, म्हणजे विस्तार. १३ जानेवारीला भाव परत १२० झाला तरी झुंबड उडाली, इथे अख्खा वक्रच उजवीकडे सरकला. वासी उत्तरायण उलटल्यावर १६ तारखेला ४० रुपयांनाही कुणी विचारत नाही, वक्र डावीकडे गेला.

‘भाव वाढला तरी मागणी वाढली, म्हणजे नियम खोटा’ असं एक तरी मूल म्हणतं. त्याला एकच प्रश्न विचारा: बदललं काय, भाव की तारीख? भावाखेरीज मागणी ठरवणारं दुसरं काहीही बदललं की वक्र सरकतो.

गणितात हुशार असलेल्यांना आणखी एक खडा टोचतो. गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर असतं आणि इथे किंमत उभ्या अक्षावर. चूक त्यांची नाही, अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलपासून चालत आलेली ही रूढी आहे. तेवढं सांगून पुढे जा.

महागाई वर्गात मोजता येईल?

येते, आणि मुलांना ती आवडते. सहा-सात वस्तूंची टोपली ठरवा आणि प्रमाण पक्कं करा. धरून चालू: गहू १० किलो ३५ ने, तूरडाळ २ किलो १५० ने, सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) २ लिटर १८० ने, दूध ३० लिटर ६० ने, कांदे ४ किलो ३० ने, बटाटे ४ किलो २५ ने. एकूण ३,०३० रुपये. हा पहिला महिना, म्हणजे निर्देशांक १००.

पुढच्या महिन्यात कांदा ६० झाला, बाकी सगळं तसंच. टोपली ३,१५०. ३,१५० भागिले ३,०३० गुणिले १००, उत्तर सुमारे १०४. कांदा दुप्पट झाला आणि निर्देशांक चारच टक्के चढला, कारण टोपलीत कांद्याचं वजनच कमी. उलट दूध लिटरमागे ४ रुपयांनी महागलं तर एवढाच फरक पडतो. घरी ‘महागाई वाढली’ म्हणून कांद्याचं नाव घेतात, दुधाचं का नाही, यावर वर्ग रंगतो.

बिघडतं ते नोंदींत. एका आठवड्यात खंडेराव मार्केट, दुसऱ्यात सोसायटीच्या दारातली लारी (हातगाडी), तिसऱ्यात मोबाइलवरचं ॲप. मग भाव बदलले की दुकान बदललं ते कळत नाही. दुकान एकच, वार एकच, वेळ एकच. संध्याकाळी उशिरा भाजीचे भाव उतरतात. सुट्ट्या तेलाच्या जागी पुढच्या महिन्यात डबा आला तर तो भाव धरायचा नाही.

शेवटी हा प्रश्न टाका: महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ वर आला, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या का? निम्मा वर्ग ‘हो’ म्हणतो. भाव चढतच आहेत, चढण्याचा वेग कमी झाला आहे. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यही शून्य नाही, ४ टक्के आहे, दोन टक्के खाली-वर चालतं.

घरी मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. संज्ञा कोणत्या भाषेत?

परीक्षेच्या भाषेत लिहायच्या, पण समजून घरच्या भाषेत घ्यायच्या. बडोद्यातल्या मराठी मुलांची खरी अडचण वेगळी आहे: शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ निसटतो.

गुजराती पुस्तकात ‘आवक’ म्हणजे उत्पन्न. मराठीत आवक म्हणजे बाजारात आलेला माल. गुजरातीत ‘उत्पन्न’ म्हणजे निर्माण झालेलं. त्यामुळे ‘माथादीठ आवक’ वाचून मराठी मूल माणशी किती माल आला ते शोधतं, खरं तर ते दरडोई उत्पन्न असतं. गुजराती ‘खोट’ म्हणजे तोटा, आपल्याकडे खोट म्हणजे बहुधा दोष. ‘खाध’ म्हणजे तूट, खाण्याशी तिचा संबंध नाही. ‘फुगावो’ म्हणजे चलनवाढ, ‘मूडी’ म्हणजे भांडवल, ‘मूडीरोकाण’ म्हणजे गुंतवणूक. वर्गाच्या भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावा आणि मुलांकडूनच भरून घ्या. व्याज, तेजी, मंदी यांना रकाने नकोत, दोन्हीकडे एकच.

‘झिरो इंटरेस्ट’ हप्ते खरंच बिनव्याजी असतात का?

अकरावीच्या मुलांना हा हिशेब जरूर करायला लावा. फोन १२,००० चा, सहा महिने २,००० चा हप्ता. प्रक्रिया शुल्क ५००. रोख घेतला असता तर ६०० सूट होती. म्हणजे वस्तूची रोख किंमत ११,४००, तुम्ही आज भरले ५००, तर तुम्हाला खरं कर्ज मिळालं १०,९०० चं आणि फेडणार १२,०००. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं हे धरलं तर व्याज महिन्याला सुमारे २.८ टक्के पडतं, वर्षाला ३३ टक्क्यांच्या वर. जाहिरातीतला शून्य खरा, पण तो फक्त हप्त्याच्या रकान्यातला.

बडोद्याच्या इतिहासाचा उपयोग होतो?

भरपूर, आणि इतिहासाच्या शिक्षकांना इथे हात मोकळा मिळतो. भारतातून संपत्ती कशी वाहून जाते ते आकड्यांनी मांडणारे दादाभाई नवरोजी १८७४ मध्ये इथले दिवाण होते. त्याच परंपरेतले अर्थेतिहासकार रमेशचंद्र दत्त यांनीही बडोदा राज्याची सेवा केली आणि १९०९ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिलं आणि १९०६ मध्ये राज्यभर लागू केलं. आधी एका भागात प्रयोग, मग सगळीकडे, ही धोरण आखण्याची रीत म्हणून शिकवा. शिक्षणाचा लाभ शिकणाऱ्यापलीकडे समाजाला होतो, म्हणून त्यावर सरकारने खर्च करावा का, हा वाद इथून सुरू करता येतो. बँक ऑफ बडोदा १९०८ ची. बचत करणारा आणि कर्ज मागणारा एकमेकांना थेट का भेटत नाहीत, हा तिच्यावरचा प्रश्न.

सगळ्यात जड धडा डॉ. आंबेडकरांचा आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, अर्थशास्त्र शिकले, १९१७ मध्ये करारानुसार इथे नोकरीला आले आणि जात पाहून कुणी राहायला जागा देईना म्हणून त्यांना शहर सोडावं लागलं. राज्याने ज्या माणसाच्या शिक्षणावर पैसा घातला तो माणूस एका खोलीपायी गेला. भेदभावाची किंमत फक्त ज्याच्यावर तो होतो त्याने भरली का, हा प्रश्न फळ्यावर लिहून तास मुलांच्या हाती द्या.

शिक्षकांना प्रशिक्षण कुठे मिळतं?

राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र शिक्षकांसाठी कार्यक्रम चालवतं. ते रिझर्व्ह बँक, शेअर बाजाराची नियामक सेबी, विमा आणि पेन्शन नियामकांनी मिळून उभं केलं आहे. पण त्याचा भर पैशांच्या व्यवस्थापनावर आहे. अर्थशास्त्रासाठी चार शाळांच्या शिक्षकांनी एका शनिवारी जमावं आणि वरचा खेळ स्वतः खेळावा. वाचून तो कळत नाही. स्वतः १४ चं कार्ड हातात घेऊन पाच मिनिटं फिरलेला शिक्षक पुढे कधीच आलेख आधी काढत नाही.

स्पर्धा आहेत का?

त्याच केंद्राची सहावी ते बारावीसाठी वित्तीय साक्षरतेची राष्ट्रीय परीक्षा असते. मोठ्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र ऑलिंपियाड आहे. ते २०१८ मध्ये मॉस्कोत सुरू झालं. त्यात अर्थशास्त्राचा पेपर, एक आर्थिक खेळ आणि व्यवसायाचं प्रकरण सोडवणं असे भाग असतात. त्याची तयारी अकरावीत सुरू करावी, दहावीच्या सुट्टीत नव्हे.

पुढे अर्थशास्त्र घ्यायचं तर अकरावीत गणित सोडलं तर चालेल?

सोडू नका. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीत गणित लागतं, आणि गणित नसेल तर इतर काही चांगल्या संस्थांची दारंही बंद होतात. कॉमर्सला गेलेली मुलं ‘सीए करायचंय’ म्हणून गणित टाकतात आणि बारावीनंतर विचार बदलला की अडकतात. दहावीपर्यंतच्या अर्थशास्त्राला मात्र टक्केवारी आणि सरळ रेषेचा आलेख एवढंच पुरतं.

सीबीएसईच्या बारावीतल्या २० गुणांच्या प्रकल्पाला विषय कोणता घ्यावा?

ज्याचे आकडे मुलाला स्वतः पायी जाऊन आणता येतील असा. ‘भारतातील बेरोजगारी’ घेतलं की इंटरनेटवरून उतरवलेली वीस पानं येतात आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला मूल गप्प होतं. त्याऐवजी मांडवीभोवतीच्या पंधरा लारीवाल्यांना विचारा: माल रोज किती, उरला तर काय करता, उधारी कुणाकडून, कोणत्या व्याजाने. दहा प्रश्नांच्या वर जाऊ नका, आणि दुपारी दोन ते चारमध्ये जा. संध्याकाळी गिऱ्हाईक असताना विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, आणि ते का मिळालं नाही हेही संधीखर्चाच्या प्रकरणात लिहिता येईल.